रांगेत मागे सरकणारी माणसं

सरकारी दवाखान्यात केसपेपरच्या खिडकीत एकतीस वर्षं बसलेल्या बाईला शहरात दुसरं नाव उरत नाही. हिला सगळे खिडकीबाई म्हणत. दुकानदार म्हणत, पोस्टमन म्हणे, आणि नळदुरुस्ती करणारा तिचा नवरासुद्धा चिडला की हेच म्हणे. खिडकी अशी की एक हात कोपरापर्यंत आत येईल, बस्स. तेवढ्यातून बाईने निम्मं शहर ओळखीचं करून ठेवलं होतं. "नाव सांगा, वय सांगा, काय दुखतं ते डॉक्टरांना सांगा," हे ती दिवसातून तीनशे वेळा म्हणायची आणि तीनशेव्या वेळीही तितक्याच तिखटपणे. रांगेत कोणी मध्येच घुसलं, तर कागदावरची नजर न उचलता तिला कळायचं. कसं, ते विचारू नका. एकतीस वर्षांत माणसाला आणखी काही नाही तरी रांग कळतेच.

ती निवृत्त झाली आणि घरच्यांचे हाल सुरू झाले. सकाळी न्हाणीघराशी कोण आधी, कोण नंतर, हेही बाई ठरवू लागली. नवऱ्याने आठ दिवसांत हात टेकले. "अगं, बाहेर कुठेतरी काम बघ. मला नळ दुरुस्त करता येतो, तुला नाही."

काम आपल्या पायांनी घरी आलं. एक तरुण वकीलबाई टेकडीच्या पायऱ्या चढून धापा टाकत दारात उभी राहिली. निवडणुकीवर लक्ष ठेवणारी एक संस्था होती, तिच्यातली ही कार्यकर्ती. आपली वेगळी भाषा बोलणारे जे थोडे लोक या देशात आहेत, त्यांना मत नीट देता येतं का, कोणी अडवत तर नाही ना, हे बघायला संस्थेला निरीक्षक हवे होते. आणि या शहरात असे लोक म्हणजे वरची आळी.

आता वरची आळी म्हणजे काय, ते सांगायला हवं. टेकडीवर चढत गेलेल्या पायऱ्या, दोन्ही बाजूंना दोन-तीन खोल्यांची घरं, आणि त्यांत चार पिढ्यांपूर्वी डोंगरापलीकडून आलेली माणसं. घरात ती आपली भाषा बोलतात, खाली बाजारात सगळ्यांची. शहराच्या तोंडी ते 'वरचे', बाकीचे 'खालचे'. कागदोपत्री हक्क सगळे सारखे. तरी दर निवडणुकीनंतर वर्तमानपत्रात एक ओळ ठरलेली: वरच्या आळीत मतदानाबाबत उदासीनता. ती वाचून खिडकीबाईचं डोकं फिरायचं. "उदासीन? माझ्या सासूबाई पेटीतला इस्त्रीचा कपडा घालून मत द्यायला जातात दर वेळी! या पेपरवाल्याला म्हणावं एकदा ये वर, दाखवते उदासीनता!"

खिडकीबाई स्वतः जन्माने खालची. वरच्या आळीतल्या नळवाल्याशी लग्न केलं, तेव्हा माहेरचं एक माणूस आलं नाही. सासूबाईंनी दारातच तिचा हात धरला आणि दुपारी भाजी निवडता निवडता भाषा शिकवायला बसल्या. आधी काय शिकवलं असेल? भांडण! "भांडता येत नसेल तर सुनेचा जीव गुदमरतो," म्हणाल्या. "आधी माझ्याशी भांडायला शीक, बाकीचं आपोआप येईल." पुढे एकतीस वर्षं बाई सकाळी सातला कामावर गेली, ती याच म्हातारीने दोन्ही पोरं सांभाळली म्हणून. हे उपकार बाईने कधी तोंडाने बोलून दाखवले नव्हते. तिखट बोलायची सवय लागली, की गोड बोलायला जीभ वळत नाही हो.

नियमाने कोणालाही आपल्याच आळीच्या केंद्रावर नेमत नाहीत. पण वरची भाषा येणारं, मोजायची सवय असलेलं आणि दिवसभर एका खुर्चीवर बसू शकणारं दुसरं माणूस वकीलबाईला मिळालं नाही. म्हणून अपवाद झाला. एक दिवसाचं प्रशिक्षण झालं, त्याचं सार एवढंच: बघायचं, मोजायचं, लिहायचं. मतदाराशी बोलायचं नाही, त्याला खूण करायची नाही. निरीक्षक मध्ये पडला, तर त्याचा सगळा अहवाल रद्दी.

"एक अक्षरही नाही?" खिडकीबाईने विचारलं.

"एकही नाही. केंद्राध्यक्षांनी काही विचारलं तर त्यांना उत्तर द्यायचं, तेवढंच."

नवरा घरी पोट धरून हसला. "अकरा तास गप्प? तुझ्याऐवजी मी जाऊ का?"

पहिली निवडणूक नगरपालिकेची. केंद्र टेकडीच्या पायथ्याशी, शाळेत. बाई वर्गाच्या दारात बसली, जिथून पटांगणाचं गेटही दिसेल आणि आतली पेटीही. फॉर्मवर प्रश्न होते. दमदाटी झाली का? नाही. यादीतून नावं गळली का? नाही. वरच्या भाषेत सूचना लावल्या आहेत का? लावल्या होत्या, ठळक. सगळं कसं स्वच्छ. पण बाईला सवयीने गप्प बसवेना, म्हणून तिने फॉर्मच्या मागे आपली वेगळी मोजणी सुरू केली. गेटातून वरचा आला की एक रेघ, खालचा आला की दुसरीकडे रेघ. मत देऊन बाहेर पडला की पुन्हा रेघ.

नऊच्या सुमाराला तिला काहीतरी खटकलं. आळीतले घड्याळजी आजोबा मघाशी दारापासून तिसरे होते. आता ते अकरावे होते. बाईने चष्मा पुसला. रांगेत माणूस पुढे सरकतो, निदान जागच्या जागी तरी राहतो. हे आजोबा मागे चालले होते! मग तिने नीट पाहिलं. कोणी खालचा घाईघाईने आला, की आजोबा बाजूला होत, मान लववत आणि हाताने वाट दाखवत: तुम्ही व्हा आधी. त्यांच्यामागची शिवणकामवाली तेच करी. तिच्यामागचा तेच. कोणी सांगत नव्हतं, कोणी ढकलत नव्हतं. बाईने कपाळावर हात मारून घेतला. आळीतलं पोर जरा पुढे घुसलं की त्याचा कान पिळतात, हे तिला इतक्या वर्षांत माहीत झालं होतं. त्यांच्या पणज्या डोंगर उतरून आल्या, तेव्हा त्यांना सगळीकडे मागेच उभं करत. ज्या दिवशी कोणी उभं करेनासं झालं, त्या दिवसापासून ही माणसं आपणहून मागे उभी राहू लागली, आणि तीच त्यांची रीतभात झाली. पण ती मतदानाच्या रांगेतही चालते, हे बाईला कुठे माहीत! मतदानाच्या दिवशीही दवाखान्याची खिडकी उघडीच असते. ती आपली पहाटे पहिल्या नंबरला मत देऊन कामावर पळायची.

तीनला सासूबाई आल्या. चारला दारापासून पाचव्या होत्या. बाईला बरं वाटलं. साडेपाचला त्या पार गेटाशी दिसल्या. मत देऊन मैत्रिणींशी गप्पा मारतायत, असं बाईने धरलं. सहा वाजता पेटीला सील लावताना ती आत गेली, आणि बाहेर येऊन बघते तर पटांगण रिकामं. गेटावरच्या शिपायाने "वेळ संपली" म्हटलं होतं, आणि उरलेली माणसं त्याचे आभार मानून घरी गेली होती. आभार! तिने रेघा मोजल्या. खालचे आले चारशे अठरा, मत दिलं चारशे सतरा जणांनी. एकीला चुलीवरचं दूध आठवलं म्हणून ती परत पळाली होती. वरचे आले दोनशे त्रेचाळीस. मत दिलं एकशे एकाहत्तर जणांनी.

घरी येऊन बाईने चपला काढायच्या आधी विचारलं, "आई, मत दिलंत ना?"

"गेले होते की," सासूबाई म्हणाल्या.

"गेलात ते मी पाहिलं. दिलंत का?"

"आज गर्दी होती, गं."

"मागच्या वेळी?"

"तेव्हाही गर्दीच होती."

"त्याच्या आधी?"

"काय पोलीस आहेस का तू?" म्हातारी चिडली. "लोकांना कामं असतात. कोणाची गाडी उभी असते, कोणाचं मूल रडत असतं. आपल्याला काय घाई? मत काय पळून जातंय?"

खिडकीबाई तिथेच स्टुलावर बसली. बाई लग्न होऊन आल्यापासून चौदा निवडणुका. वय त्र्याऐंशी. चौदा वेळा ही म्हातारी इस्त्रीचा कपडा घालून, गुडघे धरत पायऱ्या उतरून गेली होती आणि एकदाही मत न देता पायऱ्या चढून आली होती. आणि पेपरवाला म्हणतो उदासीन! बाईला रडूच फुटलं. सासूबाई घाबरल्या, पाणी आणलं, पाठीवरून हात फिरवू लागल्या. "अगं, पुढच्या वेळी देईन. त्यात रडायचं काय?" पुढची वेळ म्हणजे सात महिन्यांनी, मोठी निवडणूक. त्यानंतरची पाच वर्षांनी. तोवर हे गुडघे पायऱ्या उतरवणार होते का? एकदा तरी आईंचं मत पेटीत पडलंच पाहिजे, असं बाईने त्या स्टुलावर बसूनच ठरवलं.

तिने चार पानं लिहिली. फॉर्ममध्ये जागा नव्हती, म्हणून नातवाच्या वहीची पानं जोडली. वकीलबाईने ती दोनदा वाचली, आणि पोरगी मोठी चिवट निघाली. ती निवडणूक कचेरीच्या मागेच लागली. शेवटी कचेरीने दोन गोष्टी मान्य केल्या. एक, दवाखान्यात असतात तशी नंबराची टोकनं आणि बसायला बाकं. दोन, कायद्यात होतंच, ते आता पाळायचं: सहाच्या ठोक्याला जो गेटाच्या आत असेल, त्याचं मत घेतल्याशिवाय पेटी बंद करायची नाही.

टोकनांची कल्पना बाईची. सात महिने ती हवेत होती.

मोठ्या निवडणुकीच्या दिवशी सासूबाई दोनला आल्या. टोकन मिळालं सदतीस, दुपारचे नंबर पुन्हा एकपासून सुरू झाले होते. आत चौदावा चालू होता. बाईने मनातल्या मनात हात जोडले. मग एकदम माणसांची झुंबड उडाली, आणि तिच्यात एक ड्रायव्हर आला, गाडी चालूच ठेवून आलेला, हातात नव्वद. तो बाकाच्या टोकाला बसून पाय हलवू लागला. सासूबाईंनी त्याच्याकडे पाहिलं, आपल्या टोकनाकडे पाहिलं, आणि खिडकीबाईच्या डोळ्यांदेखत टोकनं बदलली!

नंतर नव्वदचे एकशे अठ्ठेचाळीस झाले, एका रडणाऱ्या बाळाच्या आईसाठी. तेही समजू शकतो. पण मग एक सूटवाले गृहस्थ आले. त्यांचं काय अडलं होतं म्हणता? जेवण झालं होतं आणि झोप येत होती! सासूबाईंनी त्यांना एकशे अठ्ठेचाळीस देऊन दोनशे बारा घेतला, आणि त्या माणसाने साधे आभारही मानले नाहीत. आजूबाजूला सगळी आळी हाच उद्योग करत होती. सात महिन्यांची मेहनत, कचेरीचा ठराव, नवी कोरी टोकनं, सगळ्यावर या सज्जन माणसांनी पाणी फिरवलं होतं. बाईने तोंडात रुमाल कोंबला. खरंच कोंबला; नाहीतर तिचा आवाज पार टेकडीवर गेला असता.

केंद्राध्यक्ष होते चित्रकलेचे एक मास्तर, बारीक, अबोल. चारला ते चहाचे दोन कप घेऊन दारात आले. "बाई, एक विचारू? सदतीस नंबर मी माझ्या हाताने एका आजींना दिला होता. तो घेऊन आत आला एक मिशीवाला. हे काय चाललंय?"

केंद्राध्यक्षांनी विचारलं तर उत्तर द्यायचं, असा नियमच होता. बाईने रुमाल बाजूला केला आणि सगळं सांगितलं. पणज्यांपासून सांगितलं, घड्याळजी आजोबांचं सांगितलं, चौदा निवडणुकांचं सांगितलं. दोनशे बारा नंबर आपल्या सासूबाईंचा, हेही लपवलं नाही. मास्तर ऐकत राहिले. चहा संपवून म्हणाले, "हं," आणि आत गेले. बाईला वाटलं, झालं, हेही दवाखान्यातल्या साहेबांसारखेच.

सहा वाजले. शिपायाने गेट लावलं. आत साठ माणसं उरली होती, सगळी वरची. मास्तर बाहेर येऊन स्पष्ट म्हणाले, "तुम्ही आत आहात. तुमचं मत घेतलं जाईल. कायदा आहे."

सगळ्यांनी एकमेकांकडे पाहिलं. मग घड्याळजी आजोबा उठले. त्यांनी आपलं टोकन अदबीने टेबलावर ठेवलं. "साहेब, तुम्ही पहाटेपासून बसलायत. आमच्यापायी अजून उशीर नको. पुढच्या वेळी बघू." मागोमाग शिवणकामवाली उठली. आणि सासूबाई बाकाखाली पायाने चप्पल शोधू लागल्या.

एक शब्द. "आई, बसा!" एवढंच खिडकीबाईला म्हणायचं होतं. म्हटलं असतं तर म्हातारी बसली असती. पण मग चार पानं रद्दी, टोकनं रद्दी, पुढे या आळीसाठी कोणी काही लिहिलं तर तेही रद्दी. म्हणाले असते, निरीक्षकबाईच मतदारांना सांगते. तिने ओठ दाताखाली धरले आणि डोळ्यांत पाणी आणून मास्तरांकडे पाहिलं.

मास्तरांनी वर्गातली एक खुर्ची उचलली. आतलं काम दुसऱ्या अधिकाऱ्याकडे सोपवलं, बाकांच्या अगदी शेवटी गेले, सगळ्यांच्या मागे खुर्ची टेकवली आणि तिच्यावर बसले. "हे बघा, मंडळी," ते म्हणाले, "गेटाच्या आत साठ माणसं आहेत, असं मी लिहून सही केलीय. आता मत न देता कोणी गेलं, तर का गेलं, याचा खुलासा मला माणशी एक कागद लिहावा लागेल. साठ गेले तर साठ कागद. घरी बायको वाट बघतेय, सकाळपासून पाठ धरलीय. मी तुमच्या मागे रांगेत आहे. एवढे उपकार करा, भराभर मतं द्या आणि मला मोकळं करा."

साठ कागदांचं खरं होतं की मास्तरांनी रंगवलं होतं, देव जाणे. पण आळीवर असा परिणाम झाला म्हणता! "अगं बाई, मास्तरांना उशीर होतोय!" शिवणकामवाली टोकन उचलून आत पळालीच. घड्याळजी आजोबा "माफ करा, साहेब, माफ करा" म्हणत तिच्यामागे. जी माणसं जन्मात कोणाच्या पुढे गेली नव्हती, ती एका दमलेल्या मास्तरांसाठी धावू लागली. खिडकीबाई रेघा मारत होती आणि डोळे पुसत होती. दहा, वीस, चाळीस, एकोणसाठ.

सगळ्यात शेवटी उरला दोनशे बारा नंबर. सासूबाई दारात आल्या. यादीत नाव सापडलं, त्यांनी सही केली, मतपत्रिका घेतली आणि पुठ्ठ्याच्या आडोशामागे गेल्या.

आणि बाहेर येईनात.

तीन मिनिटं झाली. पाच झाली. आतल्या कारकुनाने जांभई दिली आणि घड्याळाकडे पाहिलं. मास्तरांनी त्याला हातानेच थोपवलं. आडोशाखालून दोन म्हाताऱ्या पावलं तेवढी दिसत होती, स्थिर, अजिबात घाई नसलेली. मास्तर, कारकून, शिपाई आणि एक निरीक्षक, निवडणुकीच्या कामावरची सगळी माणसं, या एका बाईसाठी ताटकळत उभी होती. त्र्याऐंशी वर्षांत असं पहिल्यांदाच होत होतं. खिडकीबाईच्या मनात आलं, घ्या आई, अजून घ्या, हवा तेवढा वेळ घ्या. अकरा मिनिटांनी सासूबाई बाहेर आल्या, मतपत्रिकेची घडी दोन्ही हातांनी धरून, आणि ती त्यांनी पेटीत टाकली.

सील लागलं, सह्या झाल्या. खिडकीबाई मास्तरांसमोर उभी राहिली. तिला आभार मानायची सवय नव्हती, पण आता ते अडवताही येईनात. "मास्तर, तुम्ही आज माझ्या घरावर केवढे उपकार केलेत, तुम्हाला कल्पना नाही."

"मी काय केलं? तुम्ही सांगितलंत म्हणून कळलं," मास्तर म्हणाले. "आणि पाठ खरंच धरलीय हो."

पायऱ्या चढताना तिने सासूबाईंचा हात धरला होता. सगळी आळी आज मोठमोठ्याने बोलत वर चालली होती. मध्ये एका पायरीवर दम खायला त्या थांबल्या, तेव्हा बाई एका दमात बोलून गेली, "आई, तुम्ही माझी पोरं सांभाळलीत, मला भाषा दिलीत, मला घरात घेतलंत. मी कधी बोलले नाही. फार केलंत हो माझ्यासाठी."

"हे आज कुठून काढलंस?" म्हातारी लाजली. मग हळूच म्हणाली, "कोणावर शिक्का मारला, सांगू?"

"नको, नको! ते गुप्त असतं. कोणालाच सांगायचं नाही."

"तुलाही नाही?"

"मलाही नाही."

"आणि माझ्या मुलाला?"

"त्यांनाही नाही. कायदाच आहे तसा. ते फक्त तुमचं."

सासूबाई पुन्हा चढू लागल्या. पुढची प्रत्येक पायरी त्या जरा ताठ होऊन चढल्या.

घरी नवरा दारातच उभा होता. बातमी वर आधीच पोचली होती. "आई! दिलंस एकदाचं? शाबास! कोणाला दिलंस?"

या म्हातारीने आयुष्यात कोणाला कशालाही नाही म्हटलं नव्हतं. तिने चपला काढल्या, मुलाकडे वर मान करून पाहिलं, आणि तिच्या चेहऱ्यावर इतका आनंद पसरला, की तो बिचारा गोंधळून गेला.

"नाही सांगणार," सासूबाई म्हणाल्या.